प्रभूचे येणे आणि शालिनीचा अर्ज

१२ फेब्रुवारी १९८१, गुरुवार

जनगणनेचे काम घेऊन मेश्राम मास्तर सकाळी आले. योहान दारात उभा राहिला, त्यांस आत येऊ देईना. दावीद राजाने लोकांची मोजदाद केली म्हणून देवाने मरी पाठवली, हे त्यांस ऐकवले. मास्तर म्हणाले, "योहानभाऊ, मले दावीदनं नाही, तहसीलदारानं पाठवलं." शेजारचा बकाराम कुंपणापलीकडून हसत होता. मला हसू आले नाही.

अखेर नावे मीच सांगितली. मी, पेत्रस लक्ष्मण, वय ७४. मुलगा योहान, वय ५०. सून सुमती. नात शालिनी, वय १६, दहावीत. माझे शिक्षण विचारले. इयत्ता चौथी, मिशन शाळा, वर्गात पहिला. पहिला हे लिहिण्यास रकाना नाही, असे मास्तर म्हणाले.

योहान दिवसभर माझ्याशी बोलला नाही.

१५ फेब्रुवारी, रविवार

उपासनेस अकरा माणसे. पूर्वी चाळीस असत. उरलेली मंडळी दानीएलभाऊंच्या सभेला जाते. हे प्रचारक बाहेरचे, दोन वर्षांपासून अड्याळला बिऱ्हाड करून आहेत. भिंतीवर मोठे कापड टांगतात. त्यावर वर्तुळे, बाण, सात शिरांचा पशू. प्रभू कोणाला न कळत येईल, विश्वासणारे क्षणात हवेत उचलले जातील, मागे राहिलेल्यांवर सात वर्षे संकट, हातावर व कपाळावर क्रमांक, मग यरुशलेमेत हजार वर्षांचे राज्य. यहुद्यांना सन ४८ मध्ये त्यांचा देश मिळाला, ती पिढी, म्हणजे चाळीस वर्षे, सरण्याआधी हे सर्व होणार. योहान बोटांवर मोजतो. सात-आठ वर्षे उरली म्हणतो, त्यांतून संकटाची सात वजा करतो, म्हणजे काहीच उरत नाही.

आमचे जुने पाद्रीसाहेब, आता प्रभूमध्ये निजलेले, सांगत की हजार वर्षे म्हणजे हाच काळ, प्रभू वर गेल्यापासून परत येईपर्यंतचा. आकडा मोजू नये. त्यांच्या शब्दावर मी एकतीस वर्षे आसगावपासून आंबागडपर्यंतच्या बाजारांत शास्त्राची पुस्तके विकली. हे योहानला सांगितले.

"हजार म्हणजे हजार, बाबा. देवाले मोजता येत नाही का?"

उत्तर होते. देण्याचा कंटाळा आला.

८ मार्च, रविवार

योहानने शिधापत्रिका चुलीत घातली. तिच्यावर क्रमांक आहे, एवढेच कारण. त्या क्रमांकावाचून साखर नाही, रॉकेल नाही. शास्त्रात क्रमांकावाचून विकत घेता येणार नाही असे आहे, ते हेच, असे त्याचे म्हणणे. सौ. सुमतीने विचारले, "अन् साखर कुठून आणू?" योहान म्हणाला, गुळाचा चहा कर.

सायंकाळी गुळाचा चहा झाला. वाईट नव्हता.

११ मार्च

शालिनीची परीक्षा आणि कंदिलात रॉकेल नाही. बकारामने आपल्या कार्डावरचे बाटलीभर आणून दिले. "घे माय. तुमचा प्रभू येवस्तोवर पुरंल." तो आमच्या श्रद्धेला हसतो, पण बाटली बुचापर्यंत भरलेली होती.

१९ एप्रिल, पुनरुत्थानाचा रविवार

भंडाऱ्याहून तरुण पाळक साळवे आले. पदवीधर. आवाज मृदू, हातात टिपण. त्यांनी तिसरेच सांगितले. प्रभूने जी चिन्हे सांगितली ती बहुतेक त्याच पिढीत पूर्ण झाली, रोमी लोकांनी यरुशलेमेतील मंदिर पाडले तेव्हा. आता पुढची चिन्हे शोधत बसणे नको.

उपासनेनंतर मी त्यांस बाजूस घेतले. माझी पत्नी मार्था अकरा वर्षांपासून नाल्याकाठच्या कबरस्थानात आहे. पाय पूर्वेकडे करून पुरली, उठेल तेव्हा तोंड प्रभूकडे असावे म्हणून. विचारले, "सर्व होऊन गेले असेल, तर ती कशाची वाट पाहते आहे?"

"पुनरुत्थान आहेच, बाबा. चिन्हं तेवढी होऊन गेली."

"मग मी एकतीस वर्षे बाजारात काय सांगत फिरलो?"

"प्रभू सांगत फिरलात," असे म्हणाले.

उत्तर आवडले. माणूस अद्याप आवडला नाही.

एक म्हणतो, आता होणार. एक म्हणतो, होऊन गेले. पाद्रीसाहेब म्हणत, होत आहे. मी तिघांचे ऐकले. गुडघे फार दुखतात. नाल्यापर्यंत जाऊन आलो.

७ जून, रविवार

निकाल. शालिनी द्वितीय श्रेणीत. आमच्या घरात दहावी झालेले पहिले माणूस. मी तिला माझा जुना टाक दिला, निब नाही.

९ जून, मंगळवार

शालिनीस परिचारिकेचे शिक्षण घ्यावयाचे आहे. भंडाऱ्यास, दीड वर्ष, राहण्याची सोय तेथेच. शाळेतल्या बाईंनी छापील अर्ज दिला आहे. २० जुलैच्या आत द्यावयाचा. सोबत रहिवासी दाखला आणि शिधापत्रिकेची नक्कल.

तिने अर्ज बापासमोर ठेवला. योहानने हातही लावला नाही.

"दीड वर्षानं कोण राहते इथं?"

सुमती म्हणाली, "नाही आला प्रभू तं पोरगी घरीच बसंल का?"

मग योहान जे बोलला ते जसेच्या तसे लिहून ठेवतो. "उचलले जाऊ तवा पोरगी माह्याजवळ पाहिजे. एका क्षणाचं काम आहे ते. मी तिले भंडाऱ्याले कुठी शोधू?"

मी म्हटले, हवेतून भंडारा आणि आपले गाव काय वेगळे दिसणार आहे. तो उठून गेला. त्याचे डोळे ओले होते. मी थट्टेने बोललो नव्हतो, पण तसे ऐकू गेले असावे.

११ जून

योहानशी पुन्हा बोललो. शालिनी पाणी आणायला गेली होती. मी म्हटले, मुलीचे शिक्षण असे अर्ध्यावर तोडू नये. तो माझ्याकडे वळला.

"तुम्ही मले हे सांगून राहिले, बाबा?"

एवढे म्हणून बैलांकडे गेला. पुढचे बोलण्याची गरज नव्हती.

१४ जून, रविवार

तीन दिवस हे लिहावयाचे टाळले. आज लिहितो.

युद्धाच्या काळात, सन ४२ मध्ये, नागपूरच्या एका माणसाने मला विकण्यासाठी पत्रकांचा गठ्ठा दिला. पाद्रीसाहेबांच्या छापखान्यातला नव्हे. त्यांत लिहिले होते, राज्यावर राज्य उठेल, आकाशातून अग्नी पडेल, आणि हीच ती वेळ. मी बाजाराहून परत येताना झाडाखाली बसून ते पत्रक तीन वेळा वाचले. पटले. पूर्ण पटले. घरी मोठ्याने वाचून दाखवले. योहान सुटीत घरी आलेला होता, तो ऐकत होता.

तो तेव्हा अकरा वर्षांचा, मिशनच्या बोर्डिंगात, पाचवीत. सुटी संपून तो परत गेला. महिन्याभराने मी स्वतः जाऊन त्याला पेटीसकट घरी आणले. मास्तर फाटकापर्यंत आले. म्हणाले, मुलगा गणितात सर्वांच्या पुढे आहे. मी म्हणालो, आता गणिताचे काय काम.

पाद्रीसाहेबांच्या कानी आले. त्यांनी गठ्ठा परत करावयास सांगितले. युद्ध संपले. काही झाले नाही. योहानला परत पाठवता आले असते, एक-दोन वर्षेच गेली होती. पाठवले नाही. कारण पैशाचे नव्हते. त्या मास्तरांच्या फाटकात पुन्हा उभे राहून माझे चुकले म्हणावे लागले असते.

एकोणचाळीस वर्षे झाली. हे मी मार्थाजवळही असे सरळ बोललो नव्हतो.

१ जुलै, बुधवार

भंडारा, तहसील कचेरी. नवी शिधापत्रिका मागितली. कारकून तरुण, पान खाणारा. कुटुंबप्रमुखाची सही आणा म्हणाला. प्रमुख योहान, तो देणार नाही. मग माझ्या नावाने द्या, असे मी म्हटले.

"एका चुलीवर दोन कार्डं होत नाहीत, बाबाजी. वेगळे राहता काय?"

"नाही."

"मग कशाला आले जी एवढ्या उन्हात?"

मी नियम विचारला. त्याने सांगितला. चूल वेगळी असली पाहिजे, पटवारी घरी येऊन पाहील, दोन शेजाऱ्यांच्या सह्या घेईल. त्यानंतर कार्ड.

परतीची गाडी उशिरा. उभा राहून आलो.

३ जुलै

बकारामला ओट्यावर बसवून सर्व सांगितले. त्याला सोपे वाटले. "तीन दगड मांडा, वर भाताचा गंज ठेवा. पटवारी गेला की दगड फेका अन् पोराच्या ताटात जेवा. गावात अर्ध्या जणायनं असंच केलं."

मी म्हटले, जे कागदावर लिहून देईन ते खरे असले पाहिजे.

"म्हणजे खरंच वेगळे जेवान? ह्या वयात?"

"होय."

"तुमच्या घरात सगळेच कट्टर जी," असे म्हणून तो तंबाखू मळीत बसला. मग म्हणाला, "सही देतो. पण तुमचा भात खायले बोलवू नका."

५ जुलै, रविवार

घरापुढच्या सपरीत चूल घातली. माती शालिनीने मळली. मी दगड बसवले. सुमती दारात उभी राहून रडली. "मामाजी, लोक म्हणतील सुनेनं वाढलं नाही." तिला समजावले की हे केवळ कागदासाठी आहे. मग लक्षात आले की केवळ कागदासाठी असते तर मी जेवलो तिच्याच हातचे असते.

योहान शेतातून आला, पाहिले, पाय धुतले, आत गेला.

शालिनी आजपासून माझ्या चुलीवर, तिचे नाव माझ्या कार्डावर यावे म्हणून. भात खालून करपला, वरून कच्चा. तिने मुकाट खाल्ला.

८ जुलै, बुधवार

पटवारी आले. गंजावरचे झाकण उचलून पाहिले. "बाबाजी, करपला." बकारामने व मेश्राम मास्तरांनी सह्या केल्या. मुलगी आजोबांपाशी जेवते, असे पटवाऱ्यांनी लिहिले. मग योहानला हाक मारून विचारले, "हे खरंच वेगळे आहेत का?"

तो नाही म्हणाला असता तर सर्व तेथेच संपले असते. मी त्याच्याकडे पाहिले नाही.

चुलीकडे पाहून म्हणाला, "चार दिवस झाले. माह्या चुलीवरचं खाल्लं नाही त्यायनं."

खोटे बोलू नये हे त्याला मीच शिकवले आहे.

१७ जुलै, शुक्रवार

कार्ड मिळाले, दाखला मिळाला. अर्ज भंडाऱ्यास स्वतः नेऊन दिला. पालक म्हणून माझी सही, पूर्ण नाव, मात्रेसह. परत आलो तो ताप. शालिनीने पेज केली.

२६ जुलै, रविवार

योहानने पऱ्ह्यांची, म्हणजे धानाच्या रोपांची, रोवणी पुरी केली, शेताच्या चारही बांध्या. बायांबरोबर दिवसभर चिखलात वाकून होता. बकारामने शेताच्या धुऱ्यावरून विचारले, "प्रभू येऊन राहिला तं रोवणा कायले करतेस बापा?"

योहान म्हणाला, "पऱ्हे पिवळे पडून राहिले होते."



२ ऑगस्ट, रविवार

दानीएलभाऊ घरी आले. मला वाटले, वाद होईल. तयारी करून बसलो होतो. पाद्रीसाहेबांनी दिलेले वचनांचे टिपण काढून ठेवले होते. पण ते नम्रपणे माझ्या चुलीजवळ बसले आणि म्हणाले, "बाबा, मी वाद घालायला नाही आलो. शेवटल्या दिवसांत बाप मुलाविरुद्ध उठेल, घरात दोन होतील, असं लिहिलं आहे. तुमची ही चूल म्हणजेच चिन्ह आहे. उद्याच्या सभेत मी हिच्यावर बोलणार."

योहान ऐकत होता. त्याने मान हलवली.

ही चूल मी शिधापत्रिकेसाठी घातली. तिच्यातही भविष्य निघाले. मी करपलेला भात खातो तोही लिहिलेलाच असेल. असे वाद जिंकता येत नाहीत. ते गेल्यावर आडवा झालो.

दुपारी योहानला हाक मारून एवढेच म्हटले, "मी तुझ्याविरुद्ध उठलेलो नाही."

"मले ठाऊक आहे. पण चूल तं आहे ना, बाबा."

१० ऑगस्ट

शालिनी भंडाऱ्यास मुलाखतीला जाऊन आली. सुमती सोबत गेली होती, नवऱ्याला न विचारता. तेथल्या बाईंनी विचारले, परिचारिका का व्हावयाचे. शालिनीने काय उत्तर दिले ते मला सांगत नाही.

मी तिला विचारले, तुझा विश्वास काय? प्रभू लवकर येईल?

"येऊ द्या ना, आबा. तवा कोणाचं बाळंतपण चालू असंल तं कोणीतरी पाहिजे ना तिथं."

हे कोणत्याच पाळकाने सांगितले नव्हते.

१९ ऑगस्ट, बुधवार

पत्र आले. निवड झाली. १ सप्टेंबरला सकाळी अकराच्या आत हजर राहावे. पत्र योहानसमोर दोन वेळा वाचले गेले, एकदा सुमतीने, एकदा मी.

"मी नाही म्हणत नाही," तो म्हणाला. "हो पण म्हणत नाही." मग म्हणाला, बापाचा आशीर्वाद नसताना पोरगी गेली तर काय होते, ते तुम्हीच पाहा.

शालिनी म्हणते, बाबा तोंडानं जा म्हणाल्याशिवाय मी जाणार नाही. तिला फार समजावले. ऐकत नाही. हट्ट कोणाचा आहे ते मला कळते.

म्हणजे दाखला झाला, कार्ड झाले, निवड झाली, आणि आता एका शब्दावर अडले आहे.

२५ ऑगस्ट, मंगळवार

काठी घेऊन बांधीवर गेलो. सहा महिन्यांत गेलो नव्हतो. योहान निंदण करीत होता. मी धुऱ्यावर बसलो आणि सन ४२ चे सर्व सांगितले. पत्रक मी तपासले नव्हते. ते चूक होते हे मला युद्ध संपताच कळले होते. तुला परत पाठवता आले असते, माझ्या अभिमानाने पाठवले नाही. जे मी तुझे केले ते तू तिचे करू नको. बोलण्याची भाषा ठरवून गेलो होतो, तशी राहिली नाही. मध्येच दम लागला.

तो ऐकत ऐकत तण उपटीत होता. संपल्यावर हात धुतले, माझ्याजवळ येऊन बसला.

"तुम्ही मले बोर्डिंगातून आणलं ना, बाबा, तवा मले लय बरं वाटलं होतं."

मला कळले नाही.

"मी तिथं रोज रडत होतो. रोज. तुम्ही फाटकात दिसले, मले वाटलं प्रभूच आला." थोडा हसला. "गणित-बिणित मले काही आठवत नाही. तुम्ही पेटी डोक्यावर घेतली होती अन् मी मागून चालत होतो, ते आठवते. पूर्ण रस्ता."

एकोणचाळीस वर्षे ज्याचा भार वाहिला ते याच्या लेखी सुख होते. मग मी कशाची क्षमा मागत होतो? आणि जर ते सुख होते, तर तो शालिनीसाठी तेच मागतो आहे, दुसरे काही नाही. कापडावरच्या वर्तुळांशी त्याचा काही संबंध नाही.

मी म्हटले, ती रडत नाही, योहान. तिला जावयाचे आहे. तू वेगळा होतास.

परत येताना त्याने माझा हात धरला होता. बांध निसरडा होता.

२९ ऑगस्ट

पेटी भरली आहे. दोन पातळे, पांघरूण, साबण, तिची पुस्तके. सुमतीने पोहे बांधले. शालिनी पेटीला कुलूप लावीत नाही. बापाने अद्याप काही म्हटलेले नाही.

३१ ऑगस्ट, सोमवार, सायंकाळ

शब्द आलेला नाही.

दुपारी जेवण माझ्या चुलीवर झाले. योहान आला, दाराशी उभा राहिला. मला विचारले, "अड्याळहून भंडाऱ्याची गाडी किती वाजता?"

मी म्हटले, साडेसात.

"बैलं थकले आहेत," म्हणाला, आणि बैलांना पाणी पाजायला गेला. पाणी पाजून नंतर त्याने बैलगाडीच्या चाकांना वंगण घातले. उद्या पहाटे दानीएलभाऊंची उपासाची सभाही अड्याळलाच आहे. बैलगाडी त्यासाठी की शालिनीसाठी, हे मी विचारले नाही. शालिनीनेही विचारले नाही. ती खिडकीतून चाकांकडे पाहत होती.

सायंप्रार्थनेस बसलो. तुझे राज्य येवो, हे मी लहानपणापासून दिवसातून दोन वेळा म्हणत आलो. आज तेथे अडखळलो. मनात आले, प्रभू, उद्या नको. एक दिवस थांब. साडेसातची गाडी जाऊ दे.

असे मागणे योग्य की अयोग्य, पाद्रीसाहेब असते तर विचारले असते. साळवे पाळक हसतील. दानीएलभाऊंना सांगण्याजोगे नाही. पण मागणे मागे घेतलेले नाही.